खालची गाडी

संत तुकाराम नगर, पिंपरी
५ ऑगस्ट २०२५

ती. कुसुमताईस,
श्यामचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. माझंच मागचं पत्र, चुकांना लाल शाईचे गोल करून तू परत पाठवलंस. ताई, तू शाळेतून निवृत्त झालीस, मी पन्नाशी ओलांडली, पण माझी वही तपासणं काही तुझ्याच्यानं सुटत नाही. तुझ्या वाडीत फोनला रेंज नाही म्हणून पत्र लिहायचं, आणि लिहिलं की बोलणी खायची. असो.

इकडचं ठीक म्हणायचं. कंपनीत माझं काम तेच आहे. लाइनवरून उतरलेल्या नव्या गाड्या खडबडीत ट्रॅकवरून फिरवायच्या आणि आत कुठे खडखड येते का ते कान देऊन ऐकायचं. दिवसभर लोकांच्या गाड्यांत बसून हाडं खिळखिळी होतात आणि घरी यायला मात्र कंपनीची बस. चाकणच्या चौकातून ती बाहेर पडेपर्यंत निम्मी माणसं झोपलेली असतात. मीही त्यांतलाच. आताशा घरी आल्यावर चपला काढायचाही कंटाळा येतो.

स्वरूपाची पाठ पुन्हा धरली आहे. तळेगावच्या ऑफिसला ती बसनं जाते, आणि पिंपरीत बस येईपर्यंत फक्त मागच्या सीटा उरलेल्या असतात. डॉक्टरांनी पट्टा दिला आहे आणि धक्के टाळा म्हणाले आहेत. आपल्याकडच्या रस्त्यांवर धक्के कसे टाळायचे ते त्यांनी सांगितलं नाही. आमची साक्षी शिकायला नाशिकला गेल्यापासून घरातलं सगळं हिच्यावरच पडतं. ती तक्रार करत नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते.

तर मुद्दा असा, की आम्ही एकदाची गाडी घ्यायची ठरवली आहे. दोन मनात आहेत. एक जुन्या चालीची जीप. उंच, दणकट, आत नखरा काही नाही. बसायला पायरीवर पाय देऊन चढावं लागतं. एक जाडजूड दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात. ती भर पाऊसातसुद्धा तुझ्या दारापर्यंत येईल. दुसरी नव्या पद्धतीची. दार उघडलं की अलगद आत बसायचं, सीट मऊ, गियर तिचा तीच बदलते, मागे काय आहे ते पडद्यावर दाखवते आणि जरा काही चुकलं की टुंय टुंय करून आपल्यालाच रागावते. तिच्यात स्वरूपाची पाठ वाचेल. पण फाट्यापासून तुझ्या वाडीपर्यंतचा तो धुपलेला चढ तिला झेपायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात तुला ताप होता आणि मी भाड्याची गाडी फाट्यावर सोडून चिखलातून वर आलो. तू चहा टाकत होतीस आणि मलाच म्हणालीस, "ताप तुलाच आलेला दिसतो." ते मी विसरलेलो नाही. तू आमच्याकडे राहायला येणार नाहीस, हे तर तालुक्याला माहीत आहे. निरोप समारंभात तू माइकवर सांगितलं होतंस. तेव्हा गाडी कुठली, यावरच मी तुझ्यापर्यंत कितीदा पोचेन ते ठरणार. माझं डोकं चालत नाही. तू सांगशील ती घेऊ.

रागाव, चुका काढ, पण लोभात कपात करू नकोस.

तुझा,
श्याम


उंबरदरा
१३ ऑगस्ट २०२५

चि. श्याम यास,
कुसुमताईचे अनेक आशीर्वाद.

'खिळखिळी' बरोबर लिहिलंस, बरं वाटलं. 'पाऊसात' नाही रे, 'पावसात'. तिसरीच्या पोरालाही हे येतं. या खेपेला पत्र परत पाठवत नाही, कारण मला ते पुन्हा वाचायचं आहे.

इकडे विशेष काही नाही. शाळेला जूनपासून कुलूप आहे. राहिलेली चार पोरं खालच्या मोठ्या शाळेत जातात. सकाळी त्यांना न्यायला टेम्पो येतो, तेवढा आवाज. मग दिवसभर पंपाची घरघर आणि माझा रेडिओ. आमच्याकडे 'वर' म्हणजे वाडी आणि 'खाली' म्हणजे फाटा, चाकण, पिंपरी आणि बाकीचं सगळं जग, हे तुला ठाऊकच आहे. ज्याला त्याला आता खाली जायचं आहे.

शेजारची गोजाबाईही चालली. तिच्या मुलानं चाकणला खोली घेतली, कांदाबाजाराच्या अंगाला. गणपतीआधी जाईल. काल वाल सोलायला येऊन बसली होती. म्हणाली, "बाई, तुमी काय खाली यायच्या न्हाई. तुमचं काळीज दगडाचं हाय." तिला ते कौतुकानं म्हणायचं होतं, म्हणून मी हसले.

गाडीचं ओझं माझ्या डोक्यावर देऊ नकोस. पण बघितल्याशिवाय मी मार्क देत नाही. दोन्ही घेऊन या, बसून बघते आणि काय ते सांगते.

स्वरूपाला म्हणावं, पोळीवाली बाई लाव आणि सकाळची जरा आडवी हो. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो लिहून दाखवायची गरज नसावी.

तुझी,
ताई


संत तुकाराम नगर, पिंपरी
३ सप्टेंबर २०२५

ती. ताईंना,
स्वरूपाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल गौरी गेल्या. घर एकदम मोकळं वाटतंय. दमणूक इतकी झाली आहे की मखर अजून तसंच आहे. आज ऑफिसला दांडी मारली आणि पट्टा बांधून हे लिहायला बसले. ह्यांना पत्र दाखवलेलं नाही. तुम्हीही त्यांना सांगू नका.

आधी तो पहिला रविवार. ह्यांचे ट्रॅकवरचे सोबती भीमराज यांनी त्यांची जीप दिली होती. ती तुमच्या अंगणापर्यंत आली तेव्हा ह्यांच्या तोंडावरचा आनंद मी किती दिवसांनी बघितला. तुम्ही ह्यांचा हात धरून पायरीवर चढलात, एक पाय जरा मागे राहिला, मग आत ताठ बसलात आणि भक्कम आहे म्हणालात. मी मागे होते. उतारावर प्रत्येक दगड मला पाठीत कळत होता. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, पण तुम्ही आरशात माझ्याकडे बघत होतात, हे मला दिसलं.

मग पुढचा रविवार. शोरूमचा माणूस नवी गाडी घेऊन आमच्याबरोबर आला. चढ बघितला आणि फाट्यावरच थांबला, पुढे यायला तयारच होईना. हे तुम्हाला आणायला निघाले, तर तुम्हीच काठी टेकत खाली येताना दिसलात. काठी कधीपासून, असं ह्यांनी विचारलं, तर कुत्र्यांसाठी, म्हणालात. त्या गाडीत तुम्ही किती वेळ बसून होतात. सीटवरून हात फिरवत होतात. शोरूमचा माणूस पडद्यावर नकाशा दाखवत होता, तुमचं लक्षही नव्हतं. आणि ह्यांनी विचारलं की बोल, कुठली, तर तुम्ही लगेच म्हणालात, "मला खालचीच बरी."

ताई, मला कळायचं ते कळलं. वरपर्यंत आली ती जीप तुमच्या उपयोगाची. खाली थांबली ती माझ्या उपयोगाची. तुम्ही माझी पाठ बघितलीत आणि स्वतःचं दार बंद केलंत. मला फार लाज वाटली. खोटं कशाला बोलू, आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग लाज वाटली. तुम्ही ह्यांना वाढवलंत. तुमच्या दारापर्यंत पोचेल अशी गाडी नको, मऊ सीट हवी, असं म्हणणारी मी कोण?

म्हणून मी ह्यांना सांगितलं आहे की जीपच घ्या. मी उशी घेऊन बसेन. तुम्ही आता नाही म्हणू नका.

चुकलं असेल तर पदरात घ्या आणि आहे ती माया असू द्या.

आपली,
स्वरूपा


उंबरदरा
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. स्वरूपा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू मला फार मोठं करून ठेवलं आहेस. एवढ्या उंचावर बसलं की खाली उतरायची पंचाईत होते.

मी म्हटलं ते तसंच घे. खालची बरी म्हणजे खालची बरी. तुझ्या पाठीचा त्यात संबंध नाही, म्हणजे आहे तेवढा आहे, पण मी ते तुझ्यासाठी म्हटलं नव्हतं. सध्या पितृपंधरवडा चालू आहे, तोवर कोणीच काही ठरवू नये. श्यामला म्हणावं, ताईनं जे सांगितलं तेच कर.

गोजाबाई गेली. तिची कोंबडी मला देऊन गेली आहे. कोंबडीशी बोलायची वेळ आली आहे, पण ती रेडिओपेक्षा बरं ऐकते. तुझ्या पाठीला तीळतेल पाठवते आहे, कोमट करून लाव.

मखर आवरलंस का? नसशील तर राहू दे, कोणी मार्क कापत नाही. तुझ्याबद्दल इथे आपुलकीच आहे, कमी पडणार नाही.

तुझी,
कुसुमताई


संत तुकाराम नगर, पिंपरी
३ ऑक्टोबर २०२५

ती. कुसुमताईस,
श्यामचा सा. न. वि. वि.

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी बुक केली. जीप. पाडव्याला मिळेल. हार घालून पहिली तुझ्याच दारात आणणार.

तू चिडशील म्हणून आधीच लिहितो. तू खालची बरी म्हणालीस तेव्हाच मी मनात हसलो. ताई, मी तुला आज ओळखतो का? दूध तापलं की साय माझ्या वाटीत घालायचीस आणि म्हणायचीस, मला साय नको, मळमळतं. मी ते कितीतरी वर्षं खरं मानलं. माझं शिक्षण होईपर्यंत तुझ्यासाठी आलेली स्थळं परत गेली, तेव्हाही तू म्हणालीस की मला शाळाच आवडते. तू नको म्हणालीस की ते तुला हवं असतं, हे मला फार उशिरा कळलं. आता ती चूक पुन्हा करणार नाही. स्वरूपाचंही हेच म्हणणं पडलं. तिनं स्वतः अर्जावर सही केली.

खरं सांगू का, मी दमलोय गं. दोघींपैकी एकीला दुखावल्याशिवाय गाडी घेता येईना, म्हणून महिनाभर धड जेवण गेलं नाही. बुकिंग झालं आणि बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलो. आता निदान तुझ्या दारापर्यंत वाट आहे, एवढं समाधान आहे. तू वर आहेस तोवर मी येत राहीन.

तुझ्या आशीर्वादावरच चाललं आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
श्याम


उंबरदरा
९ ऑक्टोबर २०२५

चि. श्याम यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात या वेळी शुद्धलेखनाची एकही चूक नाही. अर्थ लावण्यात मात्र पूर्ण नापास झाला आहेस, आणि स्वरूपाही तुझ्याबरोबर. हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

मला साय आवडायची. ते तू बरोबर ओळखलंस. शाळेचं चुकलास. शाळा मला खरोखर आवडायची, मी कोणासाठी काही सोडलं नव्हतं. पण एकदा सायीचं खोटं बोलले, आणि त्यापायी जन्मभर माझं कुठलंच 'नको' आणि कुठलंच 'हवं' कोणी जसंच्या तसं घेत नाही.

मी खालची बरी म्हटलं, कारण मला खाली यायचं आहे. वर दारापर्यंत येणारी गाडी घेऊन मी काय करू? ती घेतलीस म्हणजे मी इथेच राहणार हे ठरलं. तू महिन्यातून एकदा येणार, डबा ठेवणार, हातात औषधं देणार आणि समाधानानं परत जाणार. मला ती फाट्यावर थांबणारी हवी होती, कारण तिच्यात बसून खालीच जाता येतं. एवढं साधं होतं. माझ्याच्यानं ते सरळ बोलवेना, ही चूक माझी. माइकवर सगळ्यांसमोर सांगून बसले होते ना, की बाई ही वाडी सोडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या फार महागात पडल्या.

काठी कुत्र्यांसाठी नव्हती. आषाढात मोरीपाशी पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, आता नीट चालते आहे, घाबरू नकोस. पण त्या दिवशी उठता येईना. गोजाबाई मुलाची खोली बघायला चाकणला गेली होती. हाका मारल्या, पण पंपाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? मग पडल्या पडल्या मन ठिकाणावर राहावं म्हणून मी पहिलीच्या वर्गाची हजेरी घेतली. माझा इथला पहिला वर्ग. एकेकाचं नाव घेत गेले. सगळी पोरं आठवली, त्यांची तोंडंसुद्धा. सगळी खाली गेलेली. 'हजर' म्हणायला एकही नव्हतं. शेवटी सरपटत उंबऱ्यापर्यंत आले. त्या दिवसापासून मला इथे भीती वाटते, श्याम. अंधाराची नाही, साप-विंचवाची नाही. हाक मारून कोणी ओ न देण्याची.

गाडीतली बारीकशी खडखड तुला ऐकू येते. त्यासाठी कंपनी तुला ठेवते. मी एवढी खडखडत होते, ती ऐकू आली नाही, कारण तू मला न बिघडणारी गाडी समजून बसला आहेस. मी दमले आहे. तुझ्याइतकीच दमले आहे.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी काही मागितलं, आणि तुम्ही दोघांनी त्यालाही त्याग म्हटलंत.

आता अवघड ते लिहिते. घर स्वरूपाचं आहे. कधीतरी जेवायला येणारी नणंद वेगळी आणि कायमची राहायला येणारी वेगळी. तिला जड जाणार असेल तर तिनं मला तसं स्पष्ट लिहावं. मी रागावणार नाही, चाकणला गोजाबाईच्या शेजारी खोली बघेन. पण माझ्यासारखं खोटं गोड बोलू नये म्हणावं.

उत्तराची वाट बघते आहे. आजवर तुला माया दिली असेल तर आता थोडी परत कर.

तुझी,
ताई


संत तुकाराम नगर, पिंपरी
१४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईंना,
स्वरूपाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र आम्ही दोघांनी एकत्र वाचलं. हे मध्येच उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी त्यांना हाक मारली नाही.

तुम्ही स्पष्ट लिहायला सांगितलंत, म्हणून लिहिते. मला थोडं जड जाईल. सकाळी माझी घाई असते, मी चिडते, भांडी आपटते. तुम्हाला शिस्त लागते आणि माझ्या घरात ती नाही. पण संध्याकाळी मी कुलूप उघडून आत येते तेव्हा घरात कोणी नसतं, आणि मी दिवा न लावता तशीच खुर्चीवर बसून राहते. हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. तेव्हा तुम्ही या. साक्षीची खोली आजच झाडून घेतली. मोरीत धरायला दांडा बसवायला माणूस उद्या येतो आहे.

जीपचं बुकिंग रद्द केलं. नवी गाडी पाडव्यालाच मिळेल. भीमराज ह्यांना म्हणाले की राव, बायकोची पाठ आणि बहिणीचा शब्द दोन्ही एका बाजूला असताना तुम्ही तिसरीकडेच कसे गेलात.

कोंबडीचं काय करायचं तेवढं बघा. सोसायटीत चालायची नाही. बाकी तुमचं घर समजून या, आणि मी भांडी आपटली तरी माया पातळ करू नका.

आपली,
स्वरूपा

ता. क. ताई, मी श्याम. पाडव्याला सकाळी भीमराजची जीप मागून घेतो आणि थेट तुझ्या अंगणात येतो. फाट्यावरून नव्या गाडीत बसू. तू एक पाऊलही चालायचं नाहीस. 'हजर' म्हणायला उशीर झाला, पण हजर आहे.


उंबरदरा
१७ ऑक्टोबर २०२५

चि. श्याम आणि चि. सौ. स्वरूपा यांस,
अनेक आशीर्वाद.

स्वरूपा, तुझं पत्र मी उशाशी ठेवलं आहे. भांडी आपटलीस तर मी रेडिओ मोठा करीन. दिवा मात्र मी लावून ठेवीन, तेवढं काम माझं.

श्याम, भीमराजची जीप नको. माझी ट्रंक उचलायला तू वर ये, पण गाडी फाट्यावरच राहू दे. वाडीतल्या लोकांना मी सांगितलं आहे की बाई खाली चालली. कोणी न्यायला आलं म्हणून नाही, मला जायचं आहे म्हणून. ते त्यांना दिसायला हवं. काठी घेईन, सावकाश येईन, पण माझ्या पायांनी उतरेन. कोंबडी टेम्पोवाल्याच्या हाती गोजाबाईकडे परत जाते आहे.

आणि स्वरूपा, एक सांगायचं राहिलं. दूध तापवलंस की वरची साय माझ्यासाठी काढून ठेव. मी खाते.

बाकी समक्ष. आता लोभ कागदावर लिहायला नको, घरातच राहील.

तुमची,
ताई